घरची कागदपत्रं एकाच कोठीत



ऊसनोंदीची पावती एका मुलाच्या फोनमध्ये, माती परीक्षणाचा अहवाल सूनबाईंच्या लॅपटॉपवर आणि सातबारा कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या घरी हेच होतं. गेल्या हंगामात आमचा फोन विहिरीत पडला आणि दोन वर्षांच्या वजन पावत्यांचे फोटो त्याच्याबरोबर बुडाले. बिलाचा ताळमेळ घालायला बसलो तर हातात काही नाही! त्या दिवशी ठरवलं, घराला एकच कोठी हवी.

कोठी म्हणजे फाइल सर्व्हर. खर्च फारसा नाही. अडगळीतला जुना संगणक झटकून घेतला, त्यात उबंटू लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली आणि तो वायरने राउटरला जोडला. वर सांबा हे मोफत सॉफ्टवेअर घातलं. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. विंडोज, मॅक, मोबाइल, सगळ्यांशी ते जमवून घेतं. संगणकाचा पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो कायम करून ठेवला.

मग 'शेती', 'हिशेब' आणि 'घर' असे तीन फोल्डर केले. सांबाच्या जुळणीच्या फाइलमध्ये प्रत्येकाचं नाव, जागा आणि कुणाला मुभा ते लिहायचं. 'हिशेब'मध्ये लिहिण्याचा हक्क दोघांनाच, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. लिनक्सवर खातं उघडलं तरी सांबाचा पासवर्ड निराळा द्यावा लागतो. आमचा निम्मा दिवस इथंच गेला.

पुढं आणखी एक अडचण आली. यादीत नाव असूनही थोरल्याला फाइल ठेवता येईना. कारण कुलपं दोन असतात. एक सांबाचं, दुसरं डिस्कवरच्या फोल्डरचं. वाड्याचा दरवाजा उघडला तरी खोलीला कुलूप असेल तर आत कसं जाणार? घरच्यांचा एक गट केला, फोल्डर त्या गटाच्या नावे केला, नव्या फाइलीही गटाच्याच राहतील अशी सोय केली, तेव्हा गाडं चालू लागलं.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पाहुण्यांना बिनपासवर्डची वाट ठेवू नका. राउटरमधून ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटला उघडू नका. आणि एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती बंदच ठेवा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने तिच्यातल्याच उणिवेतून जगभरचे संगणक अडवले होते.

शेवटचं आणि महत्त्वाचं. सामायिक फोल्डर म्हणजे जादा प्रत नव्हे. एकानं पुसलं की सगळ्यांचं गेलं. आपण बेण्याचा ऊस वेगळा राखतो ना? तशी आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. यंदा पट्टा पडण्याआधी एवढं काम उरकाच. पावती हाती असली म्हणजे हिशेब मागायला तोंड राहतं.