हिरवळ कापणाऱ्या यंत्राची निगा

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे कडाक्याची थंडी पडत नाही, आणि वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस कमीअधिक प्रमाणात येतच राहतो. लालबागेसारख्या उद्यानांना आणि बंगल्यांपुढील लहानशा हिरवळींना हे हवामान मानवते. मात्र गवत कापण्याच्या यंत्राला त्यामुळे विश्रांती अशी मिळत नाही. एडविन बडिंग याने ज्या देशात १८३० साली हे यंत्र तयार केले, त्या इंग्लंडमध्ये हिवाळ्यात गवताची वाढ जवळजवळ थांबते व यंत्राची डागडुजी तेवढ्या अवधीत उरकता येते. बंगळूरच्या माळ्याला ती कापणीबरोबरच करावी लागते.

बडिंगला ही कल्पना लोकरी कापडावरील लव कापणाऱ्या यंत्रावरून सुचली. हाताने ढकलण्याच्या यंत्रात आजही तीच रचना असते: फिरत्या रुळावरील वळणदार पाती खालच्या स्थिर पात्याला निसटती भिडून जातात आणि गवत कात्रीने कापावे तसे कापले जाते. दोन्ही पात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून रूळ हळूच फिरवावा. ती सर्व ठिकाणी स्वच्छ कापली गेली, तर जुळणी योग्य आहे असे समजावे. कागद नुसताच दुमडत असेल, तर जुळणीचे स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळावेत. एकदम आवळल्यास पाती एकमेकांवर घासून झिजतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रात बहुधा एकच आडवे पाते असते. ते मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते आणि केवळ वेगाच्या बळावर गवत छाटते. ते बोथट झाले तरी गवत आखूड होतेच, आणि म्हणून दोष लवकर ध्यानात येत नाही. परंतु अशा पात्याने गवत तुटते ते फाटून. एकदोन दिवसांत शेंडे पांढुरके, मग तपकिरी पडतात. फाटक्या टोकांतून पाणी उडून जाते व रोगाला वाट मिळते. माळी अशा वेळी पाणी किंवा खत वाढवतो. खरे पाहता कानस हाती घेण्याची ती वेळ असते.

पात्याला हात लावण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे व स्पार्क प्लगची तार काढून बाजूला करावी. यात हयगय करू नये. पाते हाताने फिरवल्यास इंजिनाचा दट्ट्याही हलतो, आणि बंद वाटणारे इंजिन एखादा फेरा घेऊ शकते. बोट जाण्यास तेवढा पुरतो. यंत्र कलते करताना हवेची गाळणी वरच्या बाजूस ठेवावी, नाहीतर तेल गाळणीत उतरते. धार लावल्यावर पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवून पाहावे. एक बाजू खाली झुकली, तर ती आणखी थोडी घासावी. असमतोल पात्याच्या थरथरीने इंजिनाचा दांडा खराब होतो.

पावसाळ्यात पात्यावरील झाकणाच्या आत ओल्या गवताचा थर बसतो. तो त्याच दिवशी लाकडी पट्टीने खरवडावा. वाळल्यावर तो सहजी सुटत नाही, आणि त्याखाली पत्रा गंजतो. उन्हाळ्यात तेथील तांबडी धूळ हवेच्या गाळणीत साचते, तेव्हा गाळणी वरचेवर पाहावी. चार फेरी इंजिनातील तेल साधारणतः ५० तासांच्या कामानंतर बदलतात. नव्या यंत्राचे पहिले तेल त्याहून बरेच आधी. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून यंत्र महिनाभर उभे राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.