सही केलेला कागद

सकाळचे पावणेदहा वाजलेत. कामगार विम्याच्या शाखा कार्यालयाचं शटर अर्धंच वर गेलंय आणि बाहेरच्या फुटपाथवर चुन्यानं आखलेले गोल केव्हाच भरलेत. गोलांतली माणसं अंतर राखून उभी आहेत. चुना संपतो तिथून पुढे मात्र खांद्याला खांदा लागलाय. ऑक्टोबर २०२० चा दुसरा आठवडा आहे, ठिकाण पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातलं. रस्त्यावरून एक रुग्णवाहिका नेहरूनगरच्या जंबो रुग्णालयाच्या दिशेनं जाते आणि सगळी रांग एकदम नाकावरचा मास्क सारखा करते.

कडुनिंबाखाली एका कामगार संघटनेनं टेबल टाकलंय. टेबलामागे काका बसलेत. आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेला, निवृत्त झालेला माणूस. डोळ्यांवर जाड चष्मा, तो मास्कच्या वाफेनं सारखा धूसर होतो आणि ते सारखा पुसतात. शेजारच्या खुर्चीवर मी. ज्यांना अर्जातले रकाने भरता येत नाहीत त्यांचे रकाने भरून देतोय.

रांगेत कुणीच ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ म्हणत नाही. सगळे ‘बेकारभत्ता’ म्हणतात. योजना जुलै २०१८ पासून आहे, पण मार्चच्या टाळेबंदीपर्यंत इथल्या बहुतेकांनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. काका दर थोड्या वेळानं उभे राहतात आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच सांगतात: “आधी पगाराचा चौथा हिस्सा मिळायचा, आता निम्मा मिळतो. काम जाऊन तीस दिवस झाले की अर्ज करता येतो, आधी नव्वद दिवस थांबावं लागायचं. जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे पैसे, आणि आयुष्यात एकदाच. चोवीस मार्च ते एकतीस डिसेंबर, यात ज्याचं काम गेलं त्यालाच ही सवलत.” विमा महामंडळानं हे २० ऑगस्टच्या बैठकीत ठरवलं. अर्ज मालकाच्या हातून यायला हवा ही अटही तेव्हाच काढली. आता कामगार स्वतः शाखेत येऊन अर्ज देऊ शकतो. हा बदल मोठा आहे. ज्यानं कामावरून काढलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहायचं, ही वेळ तरी आता येत नाही.

टेबलासमोर पहिला येतो तो एक तरुण. सहा जणांच्या लेथवर्कशॉपमध्ये हेल्पर होता. दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळे विमाच नाही. काका त्याला खरं ते सांगतात आणि तो काही न बोलता निघून जातो. या पट्ट्यात अशी वर्कशॉपं गल्लोगल्ली आहेत.

मग एक पन्नाशीचे गृहस्थ. सहा वर्षं एकाच गेटमधून आत गेलेत, पण ठेकेदार दोन झाले. दुसऱ्यानं जुना विमा क्रमांक न घालता नवाच काढला. नियम सांगतो, विम्याखाली किमान दोन वर्षं नोकरी हवी. शिवाय काम जाण्याआधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. यांची वर्षं दोन क्रमांकांत वाटली गेलीत. “दोन्ही कार्डं एकाच माणसाची आहेत असा अर्ज आधी द्या,” काका म्हणतात, “आधार जोडा, जुन्या पगारचिठ्ठ्या जोडा.” चिठ्ठ्या आहेत का? आहेत. विम्याच्या एजंटानं दिलेल्या डायरीत, वर्षवार लावून ठेवलेल्या. काका डायरी हातात घेतात आणि पहिल्यांदाच हसतात.

साडेअकराच्या सुमारास ताई येतात. तीस-बत्तीसच्या असतील. मूळच्या परभणीकडच्या, भोसरीत एका खोलीत नवरा आणि दोन मुलं. नवरा रिक्षा चालवतो, म्हणजे मार्चपासून जवळजवळ नाहीच. ताई गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होत्या. त्यांनी पिशवीतून जूनची पगारचिठ्ठी काढलीय. एकूण पगार १२,४००, विमा ९३. हे ९३ म्हणजे पाऊण टक्का, तो कामगाराचा. मालकाचा सव्वातीन टक्के वेगळा. मी कागदाच्या कडेला हिशेब मांडतो: निम्म्या पगारानं तीन महिन्यांचे १८,६००. सरासरी रोजावर आकडा थोडा इकडेतिकडे होईल. ताई तो आकडा दोनदा वाचतात. खोलीचं भाडं थकलंय आणि भविष्यनिर्वाह निधीतली कोरोनासाठीची उचल एप्रिलमध्येच काढून झालीय.

“काम कधी गेलं, ताई?”

“जुलैच्या शेवटाला.”

“कशामुळं?”

इथं त्या थांबतात. मागं कुणी ऐकत नाही ना, ते बघतात. मग सांगायला लागतात आणि मग थांबत नाहीत.

मे महिन्यात कारखाना सुरू झाला. गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप बघायचे, तेवढं रोज व्हायचं. आत मात्र बोर्डाला बोर्ड चिकटलेला, एका लाईनला अठरा बाया, वायरी ओढताना कोपराला कोपर लागायचा. आठवड्याला एक कापडी मास्क. सॅनिटायझरची बाटली सुपरवायझरच्या टेबलावर; घ्यायला जायचं तर लाईन थांबते, लाईन थांबली की बोलणी. जेवायला सगळ्यांना एकदम सोडायचे आणि कॅन्टीनमध्ये मास्क काढून समोरासमोर बसायचं. कामाच्या बसमध्ये सगळ्या सीट भरलेल्या, दोघी-तिघी उभ्या. मला केंद्रीय गृहमंत्रालयाचा १५ एप्रिलचा आदेश आठवतो: दोन पाळ्यांमध्ये तासाचं अंतर, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या, वाहनात क्षमतेच्या ३० ते ४० टक्केच माणसं. तो आदेश त्या कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लावलेला होता, ताईंनी रोज पाहिलेला आहे.

जुलैत लाईनवरची शेजारीण तापानं घरी गेली. तिची तपासणी पॉझिटिव्ह आली. सुपरवायझर म्हणाला, बाहेर बोलू नका. ताईंनी विचारलं, आमची तपासणी करणार का? उत्तर आलं, ताप आला तर बघू. “घरात सासूबाई होत्या तवा, दम्याच्या. मी म्हटलं, बोर्ड थोडे लांब करा, न्हाईतर आठ दिवस घरी बसू द्या. तर म्हणले, नको वाटत असंल तर येऊ नको. मी दोन दिवस गेले नाही, काका. तिसऱ्या दिवशी गेले तर गेटवर नाव नाही.”

काका विचारतात, “कुठं सही केली का?”

ताई मोबाईल पुढे करतात. काच तडकलेली आहे, कागदाचा फोटो त्या तड्याखालून वाचावा लागतो. छापील मजकूर: घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे, माझं कोणतंही येणं बाकी नाही. नावाची जागा मोकळी ठेवून तिथं पेनानं ताईंचं नाव घातलंय. खाली त्यांची सही, प्रत्येक अक्षर सुटं, जपून काढलेलं. तारीख त्या गेटवर परत गेल्या त्याच्या दोन दिवस आधीची.

“पीएफ काढायचा असंल तर ह्याच्यावर सही लागते म्हणले.”

काका चष्मा काढून टेबलावर ठेवतात. स्वतःहून नोकरी सोडली असेल तर या योजनेत काही मिळत नाही. गैरवर्तनासाठी काढलं असेल तर नाही, निवृत्त झाला तर नाही, आणि राजीनामा दिला तरी नाही. शाखा मालकाकडे विचारणा करेल आणि ठेकेदार हा कागद पुढे करेल. त्याचं काम झालं.

आणि इथंच मला या साऱ्या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी फट दिसते. ताई आजारी पडल्या असत्या तर विम्यानं ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के दिले असते. काढून टाकल्याचं पत्र असतं तर ५० टक्के मिळाले असते. पण आजार टाळण्यासाठी ज्या बाईनं दोन पावलं मागं घेतली, तिच्यासाठी कुठलाच रकाना नाही. मी काकांना विचारतो, धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क कायद्यात कुठं आहे? ते म्हणतात, भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात एक प्रकरण घातलं, त्यात ४१-एच कलम आहे, कामगार धोका लक्षात आणून देऊ शकतो आणि व्यवस्थापनाला तातडीनं उपाय करावा लागतो. पण ते घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांसाठी. वायरींना टेप गुंडाळणं त्या यादीत येत नाही. मार्चअखेर सरकारनं पगार कापू नका म्हणून आदेश काढला होता, तो १८ मेपासून उरला नाही. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालक-कामगारांनी आपसांत बोलून मार्ग काढावा असं म्हटलं. ठेकेदाराच्या माणसाशी गेटवर उभी राहून एकटी बाई काय बोलणी करणार?

काका मात्र हार मानत नाहीत. कोरा कागद ओढतात. “परवा याच ठेकेदाराच्या दोघी आल्या होत्या. त्यांच्याकडंही हाच छापील कागद, हीच तारीख. एका लाईनवरच्या बायांना एकाच दिवशी घरगुती अडचण येते का?” ते सहायक कामगार आयुक्तांच्या नावानं तक्रार सांगू लागतात आणि मी लिहितो: शेजारणीचा आजार, तपासणीची मागणी, गेटवर नाव नसणं, पीएफचं कारण सांगून घेतलेली सही. ताई प्रत्येक वाक्य परत वाचायला लावतात. “दोन दिवस गेले नाही हे पण लिहा,” त्या म्हणतात. “खोटं नको.” लिहितो.

दीड वाजता त्यांचा नंबर लागतो. खिडकीला प्लास्टिकचा पडदा चिकटपट्टीनं लावलाय, मागच्या लिपिकाच्या तोंडावर मास्क आणि वर फेसशील्ड. ते अर्ज चाळतात, नोटरीचं प्रतिज्ञापत्र बघतात. त्यासाठी ताईंनी स्टॅम्पचे शंभर आणि नोटरीचे दोनशे कुणाकडून तरी उसने आणलेत. राजीनाम्याचा फोटो ताई स्वतःच दाखवतात. लिपिक थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, “ताई, मी मंजूर करू शकत नाही, वरून चौकशी होईल. पण ही तक्रार अर्जाला जोडा आणि तिकडची पोच आणून द्या. पोच असली तर कागदाला कागद उत्तर देतो.” आवकचा शिक्का पडतो. ताई शिक्क्यावरचा क्रमांक मोबाईलच्या कव्हरमागच्या चिठ्ठीवर उतरवून घेतात.

“कामगार आयुक्तांचं ऑफिस किती वाजेपर्यंत असतं?” त्या विचारतात, आणि उत्तर मिळताच बसथांब्याकडे निघतात.

वाचकांना हात जोडून एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात, चाळीत, ओळखीत कुणाचं काम गेलं असेल आणि पगारातून विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर त्यांना आजच विम्याच्या शाखेत चौकशी करायला सांगा. पगारचिठ्ठ्या जपायला सांगा, अर्जाची पोच घ्यायला सांगा. आणि अजून कामावर असलेल्यांना सांगा, की निधी, हिशेब, थकलेला पगार, कशाचंही कारण सांगून राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर त्यावर सही करू नका.