घडीच्या पाठीवरचा शेरा

माझे आजोबा साताऱ्यात एका वकिलांकडे कारकून होते. आलेला कागद वाचून झाला की ते त्याची उभी घडी घालत, बाहेरच्या कोऱ्या अंगावर ‘अमक्याकडून’ असे लिहून तारीख टाकत आणि मग तो रुमालात बांधत. आतला मजकूर लिहिणाऱ्याचा, पण पाठीवरचा शेरा कारकुनाचा, असे ते म्हणायचे. २००८ साली ‘साउथ आफ्रिकन मेडिकल जर्नल’मध्ये आलेला डॉ. जेम्स बॅरींच्या पूर्वायुष्यावरचा लेख वाचताना मला ते रुमाल आठवले. जवळजवळ दीडशे वर्षे अडून बसलेला एक प्रश्न तिथे अशाच एका शेऱ्याने सुटला होता.

बॅरींचा नाद मला त्याच्या बराच आधी लागलेला. आनंदीबाई जोशींच्या काळात बायकांना वैद्यक शिकण्याच्या वाटा कुठे कुठे उघड्या होत्या, याची टिपणे मी काढत होते. एलिझाबेथ ब्लॅकवेल, १८४९, अमेरिका. एलिझाबेथ गॅरेट, १८६५, लंडन. आनंदीबाई, १८८६, फिलाडेल्फिया. या यादीच्या कडेला दर दुसऱ्या पुस्तकात एक नाव कुजबुजल्यासारखे यायचे: एडिंबरा, १८१२, जेम्स बॅरी, ब्रिटिश सैन्यातले शल्यविशारद, मृत्यूनंतर स्त्री असल्याचे उघड. एवढे सांगून पुस्तक पुढे जायचे. मला पुढे जाता येईना.

मराठीत बॅरींविषयी लिहायला बसले की पहिल्याच क्रियापदाशी हात थांबतो. ‘टिपणे काढत होते’ असे मी वर लिहिले आणि मी बाई आहे हे वाचकाला कळले. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही. ‘मी पोहोचलो’ की ‘मी पोहोचले’ हे तिथे ठरवावे लागत नाही. बॅरींनी आयुष्यभर पत्रे लिहिली, अर्ज लिहिले, तक्रारी तर ढिगाने लिहिल्या. पण त्या भाषेने त्यांना हा प्रश्न एकदाही विचारला नाही. आपली भाषा तो प्रत्येक वाक्याला विचारते. मी उत्तर ठरवून टाकले आहे. सज्ञान आयुष्यभर ज्यांनी स्वतःला पुरुष म्हणवून घेतले, त्यांच्याबद्दल मी ‘ते गेले, ते भांडले’ असेच लिहिणार. त्याआधीच्या मुलीचे नाव मार्गारेट. तिच्याबद्दल ‘ती’.

मार्गारेट ॲन बल्कली १७८९च्या सुमारास आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात जन्मली. वडील जेरेमाया तिथल्या सरकारी वजनकाट्याच्या कचेरीत होते. ती नोकरी गेली, कर्ज वाढले, मुलाच्या पायी उरलेसुरले संपले आणि बाप कर्जापायी तुरुंगात गेला. या जॉन नावाच्या भावाला मार्गारेटने लिहिलेले एक पत्र आहे. त्यात त्याची कानउघाडणी करता करता ती लिहून जाते की मी मुलगी नसते तर सैनिक झाले असते. हे वाक्य मी बॅरींच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मानत नाही. असे वाक्य त्या काळी किती मुलींनी लिहिले असेल! पण ते पत्र जपले गेले आणि तिचे पुढे जे झाले ते झाले, म्हणून त्याला वजन आले.

आई मेरी ॲन मुलीला घेऊन लंडनला आली. तिथे तिचा भाऊ, मार्गारेटचा मामा, नामांकित चित्रकार होता. त्याचे नाव जेम्स बॅरी. बहिणीशी त्याचे फारसे पटत नव्हते. १८०६मध्ये तो वारला आणि मायलेकींच्या वाट्याला थोडा पैसा आला. पैशाहून मोठा वारसा त्याच्या मित्रांचा होता. त्यांतले एक व्हेनेझुएलाचे क्रांतिकारक जनरल फ्रान्सिस्को दे मिरांदा. लंडनमधल्या त्यांच्या घरी मोठा ग्रंथसंग्रह होता. दुसरे स्कॉटलंडचे उमराव अर्ल ऑफ बखन, ते स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते. मुलगी हुशार आहे, तिला डॉक्टर करावे, पण इंग्लंड-स्कॉटलंडात मुलीला विद्यापीठात कोण घेणार? अभ्यासकांचा तर्क असा की एडिंबऱ्यात पुरुषवेषात शिकायचे आणि मग मिरांदांच्या स्वतंत्र व्हेनेझुएलात जाऊन बाई म्हणून उघडपणे वैद्यकी करायची, असा बेत ठरला होता. मला तो पटतो.

३० नोव्हेंबर १८०९. मायलेकी लंडनहून लीथ बंदराकडे जहाजाने निघाल्या. एडिंबऱ्यात पोहोचली ती मेरी ॲन बल्कली आणि तिच्यासोबत तिचा भाचा जेम्स बॅरी. १४ डिसेंबरला या भाच्याने लंडनच्या डॅनियल रिअर्डन या वकिलांना पत्र लिहिले. प्रवासात आत्याबाईंना एका पुरुषमाणसाची सोबत झाली ते बरे झाले, असे त्यात होते. इंग्रजीत मामी, काकू, मावशी, आत्या यांना एकच शब्द. पण मुलाचे आडनाव बॅरी आणि मेरी ॲन माहेरची बॅरी, तेव्हा मराठीत नाते एकच बसते. आई एका बोटप्रवासात आत्या झाली होती. मार्गारेट बल्कलीच्या नावाने पत्रे आली तर ती आत्याच्या पत्त्यावर पाठवावीत, अशी विनंतीही पत्रात आहे. खाली सही जेम्स बॅरी.

रिअर्डन नीटस माणूस असावेत. पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि दप्तराच्या सवयीने पाठीवर लिहिले: ‘मिस बल्कली, १४ डिसेंबर’.

एवढेच. केपटाउनचे निवृत्त मूत्ररोगतज्ज्ञ मायकेल डू प्रे जुनी कागदपत्रे धुंडाळत त्या घडीपर्यंत पोहोचले. त्यांनी मार्गारेटची आधीची पत्रे आणि बॅरींची नंतरची पत्रे हस्ताक्षरतज्ज्ञ ॲलिसन रेबूल यांच्याकडून तपासून घेतली. हात एकच निघाला. रिअर्डनना सगळे ठाऊक होते आणि त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. त्यांनी फक्त कागद नीट लावून ठेवला. हा शेरा मला कुठल्याही गौप्यस्फोटापेक्षा मोलाचा वाटतो, कारण काही उघड करावे असा त्यामागे हेतूच नव्हता.

एडिंबऱ्यात अखेर संशय आला तो वयाचा. हा तर कोवळा पोरगा दिसतो, याला परीक्षेला कसे बसू द्यायचे, असा विद्यापीठाचा आक्षेप होता. बखन साहेबांनी शब्द टाकला आणि १८१२मध्ये बॅरी एम. डी. झाले. लॅटिनमधला प्रबंध जांघेतल्या ‘फीमोरल’ हर्नियावर. हा प्रकार बायकांत अधिक आढळतो. त्याच वर्षी व्हेनेझुएलात मिरांदांचा पराभव झाला, ते कैद झाले आणि १८१६मध्ये स्पेनच्या तुरुंगात वारले. बाई म्हणून जाण्याची जागाच जगाच्या नकाशावर उरली नाही. लंडनमध्ये ॲस्टली कूपर यांच्या हाताखाली शिकून बॅरी १८१३मध्ये सैन्यात दाखल झाले आणि १८१६मध्ये केप वसाहतीत.

केपमध्ये मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण बॅरींचे खरे दर्शन तिथल्या भांडणांत होते. उंची पाच फुटांच्या आसपास, आवाज पातळ, बुटांचे तळ जाड, कमरेची तलवार अंगापेक्षा मोठी. गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेट यांच्या मुलीला बरे केले आणि घरोबा झाला. १८२२मध्ये वसाहतीचे वैद्यकीय निरीक्षक. मग सुरुवात झाली. परवान्याशिवाय कोणी औषध विकायचे नाही. बापाच्या दुकानात हाताखाली काम केले एवढ्यावर परवाना मागणाऱ्या लीशिंग घराण्यातल्या मुलाला साफ नकार. केपटाउनच्या तुरुंगात मांडीचे हाड मोडलेला कैदी अंथरूण-पांघरुणाविना घाणीत पडलेला पाहिला, तो अहवाल जसाच्या तसा वर पाठवला. ‘हेमेल-एन-आर्दे’, म्हणजे ‘स्वर्ग आणि पृथ्वी’, अशा नावाच्या खोऱ्यात महारोग्यांची वसाहत होती. तिच्यासाठी बॅरींनी नियम लिहून काढले: स्वच्छता अशी हवी, आहार असा हवा, आणि ही माणसे गुन्हेगार नाहीत हे नोकरांनी ध्यानात ठेवावे. १८२०च्या दशकात हे लिहिणारा माणूस किती एकटा पडला असेल!

पडलाच. १ जून १८२४च्या सकाळी केपटाउनच्या हीरेनग्राख्त रस्त्यावरच्या पुलाजवळ एक हस्तलिखित फलक दिसला. गव्हर्नर आणि डॉक्टर यांच्यात अनैसर्गिक संबंध असल्याचा आरोप त्यावर होता. त्या काळी या गुन्ह्याला फाशी होती. मूळ कागद नाहीसा झाला. बक्षीस लावूनही लिहिणारा सापडला नाही. पुढच्या वर्षी आरन स्मिथ नावाच्या खलाशाला वेडा ठरवण्याचा घाट घातला गेला. बॅरींनी तो शहाणा असल्याचा अहवाल दिला आणि सरकारी अभियोक्ता डेनिसन यांच्याशी उघड वैर घेतले. शेवटी सरकारने निरीक्षकाचे पदच मोडून तिथे समिती नेमली. बॅरींनी राजीनामा दिला. विधिनिषेध न बाळगता बोलणे हा त्यांचा दोष होताच. पण त्यांची भांडणे लावून पाहिली तर बहुतेकांच्या मुळाशी एखादा कैदी, एखादा रोगी, एखादा खलाशी उभा असतो.

२५ जुलै १८२६. केपटाउनचे व्यापारी म्युनिक यांची पत्नी अडली होती. बॅरींनी पोट फाडून मूल काढले. भूल देण्याचे तंत्र यायला अजून वीस वर्षे होती. अशा शस्त्रक्रियेत आई सहसा जगत नसे. इथे आई आणि मूल दोघेही जगले. बॅरींनी मोबदला घेतला नाही. मुलाचे नाव ठेवले जेम्स बॅरी म्युनिक.

पुढची तीस वर्षे बदल्यांची. मॉरिशस, जमेका, सेंट हेलेना, माल्टा, कोर्फू. मॉरिशसहून सॉमरसेट आजारी असल्याचे कळताच रजा न घेता निघाले आणि १८३१मध्ये ते जाईपर्यंत त्यांच्या उशाशी राहिले. सेंट हेलेनाहून अटकेत परत आले. तरी १८५७मध्ये कॅनडात ते लष्करी इस्पितळांचे महानिरीक्षक म्हणून पोहोचले, म्हणजे त्या खात्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या हुद्द्यावर.

क्रिमियाच्या युद्धात त्यांची गाठ फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी पडली. घोड्यावर बसून त्यांनी बाईंना भर उन्हात, सैनिकांच्या गर्दीत उभे करून झापले. बॅरींच्या मृत्यूनंतर नाइटिंगेलबाईंनी एका पत्रात तो अपमान लिहून काढला. त्यात ‘हा’ आणि ‘ही’ एकाच वाक्यात आलटून-पालटून येतात. इतकी वर्षे तापलेला राग आणि नव्याने कळलेली बातमी यांची त्या सर्वनामांत टक्कर झाली आहे. इंग्रजीतही शेवटी तो प्रश्न कोणाला तरी अडलाच.

१८५९मध्ये सक्तीची निवृत्ती. २५ जुलै १८६५ला, म्युनिकांच्या मुलाच्या जन्माला बरोबर एकोणचाळीस वर्षे होत असताना, बॅरी लंडनमध्ये अतिसाराने वारले. डॉ. मॅककिनन यांनी मृत्यूच्या दाखल्यावर ‘पुरुष’ लिहिले. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली. जन्ममृत्यू नोंदणीचे प्रमुख जॉर्ज ग्रॅहम यांनी २३ ऑगस्टला मॅककिननना खुलासा विचारला. दुसऱ्याच दिवशी आलेले उत्तर उपलब्ध आहे, आणि मी ते किती वेळा वाचले याची मोजदाद नाही.

मॅककिनन लिहितात ते थोडक्यात असे. सैन्याच्या पेढीवाल्याच्या कचेरीत त्यांना प्रेताला न्हाऊ घालणारी बाई भेटली. प्रेताचे उरकल्यावर जे काही मिळायचे ते घरमालकिणीने तिला दिले नव्हते. ती म्हणाली, बॅरी बाई होते, तुम्ही कसले डॉक्टर! डॉक्टर म्हणाले, ते पुरुष होते की बाई हा माझा विषय नव्हे. कदाचित दोन्ही नसतील, वाढ अपुरी राहिली असेल. बाई ठाम राहिली: पूर्ण स्त्रीदेह होता आणि लहान वयात मूल झाल्याच्या खुणाही होत्या. कशावरून, असे विचारल्यावर तिने स्वतःच्या ओटीपोटाकडे हात केला आणि सांगितले की ती नऊ मुलांची आई आहे, तिला कळते. शेवटी मॅककिनन लिहितात की बॅरी पुरुष, स्त्री की उभयलिंगी हे मला ठाऊक नाही. मी अनेक वर्षे ज्यांना महानिरीक्षक म्हणून ओळखत होतो, त्याच व्यक्तीचा हा देह, एवढी शपथ मी घेऊ शकतो.

बहुतेक लेखक या बाईला पैसे उकळणारी म्हणून मोडीत काढतात. नंतरच्या लेखनात तिचे नाव सोफिया बिशप असे येते. मला तिच्याबद्दल तसे वाटत नाही. तिचे हक्काचे थकले होते. आणि मृत्यूनंतर तो देह पाहून त्याबद्दल बोललेली माणूस तीच एक. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी तो तपासलाच नव्हता. तपासणी न करता अंगावरच्या कपड्यांतच पुरावे, अशी बॅरींची सूचना होती असे सांगितले जाते. ती सूचना मोडली गेली याचे मला वाईट वाटते. तिचे देणे बुडाले याचेही वाटते.

बॅरींनी हे सारे केवळ शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी केले, असे मानणारे बरेच आहेत. मीही सुरुवातीला तसेच मानत असे. मग १८५९ ते १८६५ या सहा वर्षांपाशी अडले. नोकरी संपली होती, आई कधीच गेली होती, मिरांदांचे व्हेनेझुएला तर कधी उगवलेच नव्हते. तरीही लंडनच्या भाड्याच्या खोलीत, कोणी पाहत नसताना, त्यांनी तोच पोशाख घातला, तेच नाव सांगितले. निवृत्तिवेतन आणि अब्रू राखायची होती, असे उत्तर देता येते. मला ते तोकडे वाटते. मार्गारेट ज्या दाराने आत गेली ते तिला गरजेने उघडावे लागले असेल. पण आत जो माणूस राहिला तो जेम्स बॅरी होता आणि त्याला परत यायचे नव्हते, असे आता माझे मत झाले आहे. म्हणून ‘ते’.

मॅककिनननी वापरलेला ‘व्यक्ती’ हा शब्द मात्र मराठीत आणताना मी पुन्हा थबकले. आपल्याकडे व्यक्ती कोणीही असो, ती येते, ती जाते. तो एकच शब्द बॅरींना आपल्या भाषेत ‘ती’ म्हणवून जातो, आणि त्यात त्यांचे काही उघडे पडत नाही.

लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांच्या दगडावर नाव आणि हुद्दा कोरलेला आहे. नाव मामाचे. ते १८०९च्या त्या प्रवासात भाचीने घेतले, १८२६मध्ये केपटाउनच्या बाळाला दिले गेले. त्या बाळाच्या नावावरून, बॅरींच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १८६६मध्ये, आणखी एका मुलाचे नाव ठेवले गेले: जेम्स बॅरी म्युनिक हर्ट्झॉग. तो १९२४मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान झाला. त्याने केलेले वर्णभेदाचे कायदे वाचताना मला महारोग्यांसाठी लिहिलेले ते नियम आठवतात. मार्गारेटने घेतलेल्या नावाने तो पंधरा वर्षे सही करत होता.