पहिल्या वर्गातले सीलबंद ताट

विमानाच्या पहिल्या वर्गात तान्हे बाळ घेऊन बसलेली आई आणि तिच्यापुढे आलेले ज्यू धर्मीयांचे कोशर जेवण, हा विषय या सदरात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास अजून एसटीचा आणि लोकलचा आहे, हे खरे. पण आपलीही मुले शिकून परदेशात गेली आहेत, नातवंडांना कडेवर घेऊन ये-जा करू लागली आहेत. शिवाय पैसा मोजला की सगळे मिळते, हा जो समज आपल्या समाजातल्या नव्या नोकरदार वर्गात पसरतो आहे, तो तपासून पाहायला विमानाच्या पहिल्या वर्गाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

निमित्त घडले ते प्रस्तुत लेखकाच्या वकिलीमुळे. ठाण्याच्या एका बेने इस्रायली कुटुंबातील लेक न्यूयॉर्कला नोकरी करते. दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन ती माहेरपणाहून परत निघाली. कंपनीच्या कामासाठी वर्षानुवर्षे केलेल्या विमानप्रवासाचे साठलेले गुण वापरून तिने आयुष्यात एकदाच पहिल्या वर्गाचे तिकीट काढले होते. मध्ये एक थांबा. पहिल्या टप्प्यात कोशर जेवण आले. पुढचे विमान बदलले गेले, आणि नव्या विमानात ते चढलेच नव्हते. समोर चांदीसारखे चमकणारे काटे-चमचे, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, चार-पाच प्रकारचे पदार्थ. आणि ही बाई केळी व सफरचंद खाऊन आठ तास बसली, तेही बाळाला अंगावर पाजत असताना. तिचे वडील कागद घेऊन माझ्याकडे आले. विमान कंपनीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही.

कोशर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ योग्य, चालण्याजोगे. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत त्याचे मूळ नियम आहेत. ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो, असाच प्राणी चालतो. म्हणून बकरा चालतो, डुक्कर नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणून पापलेट चालते, कोळंबी आणि खेकडा नाही. मांस आणि दूध एकत्र येता कामा नये, दोहोंची भांडीसुद्धा वेगळी. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ घेण्याआधी काही वेळ जाऊ द्यायचा. कुठे एक तास, कुठे तीन, पुष्कळ ठिकाणी सहा. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली बायकांनी मटणाच्या कालवणात नारळाचा रस घालून ही दुधाची अडचण कधीच सोडवून टाकली आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून रायगड जिल्ह्यातील गावांत ज्यांना शनिवार तेली म्हणत, तेच हे लोक. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत.

आता हे नियम विमानात कसे पाळायचे? अडचण पदार्थापेक्षा भांड्याची जास्त. ज्या ताटात काल डुकराचे मांस वाढले आणि जे इतर ताटांबरोबर एकाच यंत्रात धुतले, ते ताट चालत नाही. म्हणून कोशर जेवण बाहेरच्या खास स्वयंपाकघरात तयार होऊन, सील लावून येते. लंडनचे हर्मोलिस, न्यूयॉर्कचे बोरेनस्टाइन अशी ही स्वयंपाकघरे आहेत. २०२० साली संयुक्त अरब अमिरातीने इस्रायलशी करार केला, त्याच महिन्यात एमिरेट्सच्या खानपान कंपनीने दुबईत कोशर अरेबिया नावाचे स्वयंपाकघर उभारण्याची घोषणा केली. दोन सरकारांचे जमले की ताटाची सोय किती पटकन होते, पाहा! खोक्यात कागद असतो. जेवण कुठे बनले, कोणत्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली बनले, हे त्यावर लिहिलेले असते. गरम करायच्या भागाला दुहेरी वेष्टन असते. ते न फोडता कोणत्याही भट्टीत गरम केले तरी चालते. सील शाबूत असल्याचे प्रवाशाला आधी दाखवायचे, मगच गरम करायला न्यायचे, हा रिवाज.

परिणाम असा होतो की, पहिल्या वर्गात शेजारचा प्रवासी चिनी मातीच्या ताटात जेवतो आणि तेवढेच भाडे भरलेला कोशर प्रवासी बहुधा फॉइलच्या डब्यातून प्लॅस्टिकच्या चमच्याने जेवतो. शेवटच्या रांगेतल्या त्याच्या धर्मबांधवापुढेही जवळपास तसाच खोका आलेला असतो. खुर्ची पैशाने मोठी झाली, ताट मात्र तेच राहिले.

येथे आपल्या वाचकाच्या मनात जो प्रश्न येईल तो मला ठाऊक आहे. हे आपल्याकडचे सोवळे-ओवळेच नाही का? ज्यांच्या आजोबांनी हॉटेलबाहेर टांगलेल्या वेगळ्या कपातून चहा प्याला, त्यांना सीलबंद ताटाचे कौतुक का असावे? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. फरक असा की, कोशरचा नियम प्रामुख्याने पदार्थ आणि भांडे तपासतो. वाढणाऱ्याचा जन्म नव्हे. विमानातील सेविका ख्रिस्ती असो, मुसलमान असो, बौद्ध असो, तिच्या हातून तो खोका घेऊन ज्यू प्रवासी जेवतो. पण सगळेच नियम इतके निर्मळ नाहीत. द्राक्षाच्या मद्याच्या बाबतीत हात कोणाचा लागला हे जुन्या धर्मशास्त्रात पाहिले जाते, आणि स्वयंपाकात ज्यू माणसाचा काही सहभाग हवा असतो. त्यावर त्यांनी तोडगा काढला. मद्य आधीच तापवून घेतले की मग कोणीही ओतले तरी चालते.

जन्म तपासण्याची खोड मात्र त्यांच्या धर्मपीठालाही सुटली नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या आपल्या बेने इस्रायलींच्या विवाहाची वेळ आली तेव्हा १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. मराठी बोलणारी ही मंडळी जेरुसलेमच्या रस्त्यावर ठाण मांडून बसली. अखेर १९६४ साली संसदेत विषय निघाला आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचा उल्लेख काढावा लागला. कोशर ताट मागणाऱ्या माझ्या अशिलाच्या जमातीने स्वतःच्याच धर्मबांधवांकडून हे सोसले आहे. म्हणून तिची तक्रार मला परक्याची वाटली नाही.

आता बाळाकडे वळू. दोन वर्षांच्या आतील बाळ मांडीवर घेतले तर आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्के घेण्याची पुष्कळ कंपन्यांची पद्धत आहे. ऐकायला हे स्वस्त वाटते. पण ते दहा टक्के त्याच वर्गाच्या भाड्याचे असतात. पहिल्या वर्गाचे तिकीट सहा लाखांचे धरले तर मांडीवरच्या बाळाचे साठ हजार झाले. त्यात मागच्या वर्गात एक मोठा माणूस स्वतःच्या खुर्चीवर बसून गेला असता. एवढे भरून बाळाला पाळणा तरी मिळतो का? पाळणा लागतो समोरच्या भिंतीला. पहिल्या वर्गात भिंतीऐवजी खासगी कप्पे असतात, म्हणून तेथे पाळणा बसेलच असे नाही. मागच्या वर्गात मात्र पहिल्या रांगेत तो बसतो. २०११ साली मलेशिया एअरलाइन्सने आपल्या बोइंग ७४७ विमानांच्या पहिल्या वर्गात तान्ह्या बाळांना मनाई केल्याची बातमी जगभर गाजली, तेव्हा पाळण्याची सोय नसल्याचेही कारण पुढे आले होते. रडण्याने इतरांची झोप मोडते, हे दुसरे कारण. जणू मागच्या वर्गातल्या लोकांना झोप लागतच नाही.

पाळणा मिळाला तरी हवेत धक्के बसू लागले आणि पट्टा बांधण्याचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावेच लागते. आणि मांडी ही सुरक्षित जागा नव्हे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान आयोवातील सू सिटी येथे कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुख्य सेविका जॅन ब्राऊन यांनी आईबापांना मुले पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितले. चारपैकी एक मूल दगावले. ब्राऊन यांनी त्यानंतर उरलेले आयुष्य एकाच मागणीसाठी वेचले: प्रत्येक बाळाला स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा पट्टा. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानेही तेच सांगितले. विमान प्रशासनाने मात्र सक्ती केली नाही. त्याचा युक्तिवाद असा की, बाळाच्या पूर्ण तिकिटाचा भार पडला तर कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुले मरतील. युक्तिवाद हिशेबाला धरून आहे, हे मी मान्य करतो. पण त्यातून निघते एवढेच, की गरिबाच्या बाळाची खुर्ची कोणी तरी स्वस्त केली पाहिजे. ती कोणी करायची हे कोणी सांगत नाही. युरोपात मांडीवरच्या बाळाला आईच्या पट्ट्यात ओवलेला जास्तीचा पट्टा बांधतात. अमेरिकी नियमांना तो पट्टा मान्य नाही. एकच बाळ, एकच आई. हद्द बदलली की सुरक्षिततेची व्याख्या बदलते.

बाळाच्या जेवणाचीही गंमत आहे. विशेष जेवणाला चार अक्षरी संकेत असतात; कोशरला केएसएमएल, बाळाच्या जेवणाला बीबीएमएल. एका प्रवाशाच्या नावावर बहुधा एकच संकेत चढतो. म्हणजे बाळ तरी होईल किंवा ज्यू तरी! कोशर पाळणाऱ्या आईने बाळाची पेज, दूध, शिक्क्याचे डबे पिशवीतूनच न्यावेत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला विमाने उडवण्याचा कट उघड झाल्यावर हातसामानात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव न नेण्याचा नियम आला. बाळाचे दूध व अन्न त्यातून वगळलेले आहे. तपासणीच्या वेळी ते आधीच काढून दाखवावे आणि नियम ठामपणे सांगावा. विमान उतरताना बाळाला पाजावे. गिळताना कानातला दाब सुटतो.

अशिलाच्या वडिलांचा प्रश्न होता, दावा होतो का? आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यात मृत्यू, शारीरिक इजा, सामान आणि विलंब यांची जबाबदारी आहे. जेवणाचा शब्द नाही, मनस्तापाचाही नाही. पण या करारात एक गोष्ट मला फार आवडते. इजेच्या भरपाईची जी मर्यादा ठरवली आहे ती दर प्रवाशामागे आहे. पहिल्या वर्गाला जास्त, मागच्याला कमी, असे नाही. खुर्चीला वर्ग आहे, जिवाला नाही.

जेवणासाठी रस्ता उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. सेवेतील त्रुटी म्हणून. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९८६ च्या जुन्या कायद्यात नव्हती अशी एक सोय नव्यात आहे. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. कंपनीचा वकील दोन मुद्दे घेईल: विशेष जेवणाची हमी नाही असे तिकिटाच्या अटींत छापलेले आहे, आणि मॉन्ट्रियल करार असताना दुसरा कायदा लागत नाही. दुसरा मुद्दा किरकोळ नाही. पहिल्याला उत्तर कागदाने देता येते. कारण हमी नाही म्हणणे वेगळे, आणि नोंद स्वीकारून, पहिल्या टप्प्यात जेवण देऊन, स्वतःच विमान बदलल्यावर नोंद पुढे न पाठवणे वेगळे.

आणि कायदा अगदीच दुबळा नसतो. ४ मे २०२२ रोजी फ्रँकफर्टला लुफ्तान्साने न्यूयॉर्कहून आलेल्या १२८ ज्यू प्रवाशांना बुडापेस्टच्या विमानात चढू दिले नाही. काहींनी आधीच्या विमानात मास्क घातला नव्हता, म्हणून पेहरावावरून ज्यू दिसणाऱ्या सगळ्यांनाच शिक्षा. एकाच्या चुकीसाठी साऱ्या वस्तीला दोषी धरणे आपल्याला नवे नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कंपनीला चाळीस लाख डॉलरचा दंड केला. प्रवासी एकेकटे ओरडले असते तर कोणी ऐकले असते? त्यांच्या संघटनांनी चित्रफिती, तिकिटे, तारखा जमा केल्या होत्या.

माझ्या अशिलाला मी कंपनीकडे लेखी तक्रार करून नोंदणीच्या वेळचा पुरावा मागायला सांगितले आहे. उत्तर आले नाही तर ठाण्याच्या आयोगात जाऊ. तोवर पुढच्या प्रवासासाठी एवढेच: विमान बदलले की जेवणाची नोंद नव्याने करायची, निघण्यापूर्वी निदान दोन दिवस आधी, प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी; आणि तिची छापील प्रत बाळाच्या पासपोर्टबरोबर ठेवायची.