आठशे रुपयांत कोणता सुपरहिरो? निवडीच्या गणिताची ओळख



पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे वाचक एक प्रश्न वरचेवर विचारतात: "विषय, पेपर, पद्धत, सगळंच एवढं आहे, की निवडायचं कसं?" याचं उत्तर आज एका सोप्या उदाहरणातून पाहू. दर महिन्याला सुपरहिरोंचे बरेच अंक निघतात, खिशात पैसे मोजकेच असतात. कोणते घ्यायचे?

हे उदाहरण घेण्याला कारण आहे. इथे पैसा थोडा, निकाल महिन्याभरात कळतो आणि चुकलं तरी नुकसान एका अंकाचं. संशोधनात हाच प्रश्न येतो तेव्हा पणाला वर्षं लागलेली असतात. म्हणून सराव स्वस्तात करून घेऊ.

आधी खर्च नीट मोजा

घरात पन्नाशी-साठीचं कुणी असेल तर त्यांना 'वेताळ' विचारा. ली फॉक यांचा फँटम मराठी घरांत वेताळ म्हणून आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, तेव्हा अंकाची किंमत ६० पैसे होती. सुरुवातीला मासिक असलेली ही मालिका पुढे पाक्षिक झाली, मग साप्ताहिक, आणि १९९० मध्ये बंद पडली.

आता गंमत बघा. "मी इंद्रजाल घेतो" हा निर्णय एकदाच झालेला. पण मासिक असताना वर्षाला १२ अंक, पाक्षिक झाल्यावर साधारण २४, साप्ताहिक झाल्यावर ५२. अंकाची किंमत एका पैशाने वाढली नाही असं धरलं तरी वर्षाचा खर्च चौपटीच्या वर जातो. आजही अमेरिकेतल्या लोकप्रिय मालिका कधीकधी महिन्यातून दोनदा निघतात. म्हणून पहिला नियम: किंमत अंकामागे मोजू नका, महिन्यामागे मोजा.

दुसरा भाग वाटखर्चाचा. मार्व्हल आणि डीसीच्या वीस-बावीस पानी अंकावर अमेरिकेत बहुधा ३.९९ किंवा ४.९९ डॉलर छापलेले असतात. नगरला माळीवाडा किंवा तारकपूर स्टँडवर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात, दिवाळी अंक मिळतात, हे अंक सहसा मिळत नाहीत. मग ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्याला जाल तेव्हा आणा. कुरिअर असो की एसटीचं तिकीट, एक अंक आणला काय किंवा पाच आणले काय, हा खर्च जवळजवळ तेवढाच. याला स्थिर खर्च म्हणतात. होस्टेलवरच्या चौघांनी मिळून ऑर्डर दिली, तर माणशी तो चौथाई होतो. घरचा महिना कांद्याच्या पट्टीवर ठरतो किंवा फेलोशिप तीन-चार महिन्यांनी एकदम येते, अशांसाठी हा फरक लहान नाही.

पिशवीचा प्रश्न

समजा सगळं धरून महिन्याला ८०० रुपये बाजूला काढलेत. समोर चार मालिका आहेत. प्रत्येकीला तुम्ही आवडीनुसार दहापैकी गुण दिलेत. (किमती आणि गुण फक्त उदाहरणापुरते.)

- बॅटमॅन: ४५० रुपये, ९ गुण
- स्पायडर-मॅन: ४०० रुपये, ७.५ गुण
- एक्स-मेन: ४०० रुपये, ७ गुण
- नागराज: १५० रुपये, २.५ गुण

बहुतेकजण काय करतात? सगळ्यात आवडती मालिका आधी उचलतात, मग उरलेल्या पैशांत बसेल ते. किंवा थोडं हुशारीने, रुपयामागे गुण काढून त्या क्रमाने घेतात. इथे दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं: आधी बॅटमॅन. उरले ३५०. त्यात स्पायडर-मॅन बसत नाही, एक्स-मेन बसत नाही, नागराज बसतो. एकूण ११.५ गुण, आणि २०० रुपये पडून.

आता बॅटमॅन सोडून द्या. स्पायडर-मॅन आणि एक्स-मेन मिळून बरोबर ८०० रुपये, गुण १४.५. म्हणजे सगळ्यात आवडती मालिका यादीतून वगळली, तेव्हा महिना सगळ्यात चांगला गेला!

याला नॅपसॅक प्रॉब्लेम म्हणतात, आपण पिशवीचा प्रश्न म्हणू. पिशवीची मर्यादा ठरलेली, प्रत्येक वस्तूचं वजन आणि मोल ठरलेलं, जास्तीत जास्त मोल भरायचं. समोर दिसेल ते सर्वोत्तम उचलायच्या रीतीला ग्रीडी, म्हणजे हावरी पद्धत म्हणतात. ती झटपट आहे, पण इथे ती फसते हे आपण पाहिलंच.

मग सगळ्या जोड्या तपासाव्यात का? चार मालिकांच्या १६ जोड्या होतात, त्या कागदावर जमतात. दहा मालिकांच्या १,०२४ आणि वीस मालिकांच्या १०,४८,५७६. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये २१ अवघड प्रश्नांची प्रसिद्ध यादी दिली, त्यात हा प्रश्न आहे. बजेटचा आकडा लहान असेल तर रिचर्ड बेलमन यांच्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने तो सहज सुटतो. एम.एस्सी.ला हे शिकला असाल तर आज रात्री स्वतः कोड लिहून बघा, वीसेक ओळींत होतं.

गृहीतक तपासा

वरचं गणित एका गृहीतकावर उभं आहे: प्रत्येक अंकाचं मोल बाकीच्यांपासून स्वतंत्र आहे. सुपरहिरोंच्या दुनियेत नेमकं हेच मोडतं. १९९३ ची स्पायडर-मॅनची 'मॅक्झिमम कार्नेज' ही कथा १४ भागांची होती, आणि ते भाग पाच वेगवेगळ्या मालिकांमध्ये विखुरलेले होते. एकच मालिका घेणाऱ्याच्या हाती मधलेच तुकडे लागणार. अशा वेळी एका अंकाचे गुण दुसरा अंक हातात आहे की नाही यावर ठरतात, आणि नुसती बेरीज करून चालत नाही.

अशी कथा सुरू झाली की पर्याय दोनच ठेवा. पूर्ण घ्या, किंवा पूर्ण सोडा आणि नंतर एकत्रित खंड निघाला की तो वाचा. गणितात या चौदा भागांची एकच मोठी वस्तू धरायची, म्हणजे पिशवीचा प्रश्न पुन्हा लागू होतो. कुठलंही मॉडेल वापरण्याआधी त्याचं गृहीतक आपल्या प्रश्नाला लागू पडतं का, हे बघायची सवय इथूनच लावून घ्या. व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो.

पण गुण आले कुठून?

आतापर्यंत गुण आपल्याला माहीत आहेत असं धरलं. खरं तर अंक वाचल्याशिवाय ते कळत नाहीत. आणि न वाचलेल्या मालिकेवर पैसे घालायचे, तर ओळखीच्या चांगल्या मालिकेचे पैसे कापावे लागतात.

या पेचाला मल्टी-आर्म्ड बँडिट म्हणतात. नाव जुगाराच्या यंत्रावरून आलंय: अनेक दांडे, प्रत्येकाचं बक्षीस वेगळं, कुठला ओढायचा? प्रश्नाचं मूळ मात्र गंभीर आहे. विल्यम थॉम्पसन यांनी १९३३ मध्ये तो दोन उपचारांच्या संदर्भात मांडला होता. रुग्णांवर प्रयोग चालू असताना जो उपचार चांगला वाटतोय, त्याच्याकडे किती झुकायचं? हर्बर्ट रॉबिन्स यांनी १९५२ मध्ये त्याला आजचं गणिती रूप दिलं.

एक सोपी रीत २००२ मध्ये आउअर, चेझा-बियांकी आणि फिशर यांनी दिली, तिचं नाव यूसीबी-१. कल्पना एवढीच: प्रत्येक पर्यायाची आतापर्यंतची सरासरी घ्या आणि त्यात "माहिती कमी असल्याचा" बोनस मिळवा. बोनस काढायला एकूण प्रयत्नांचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, दुप्पट करा, त्या पर्यायाच्या प्रयत्नांनी भागा आणि वर्गमूळ काढा. गुण ० ते १ मध्ये हवेत.

समजा स्पायडर-मॅनचे १२ अंक वाचलेत, सरासरी ०.७. एका नव्या मालिकेचे दोनच वाचलेत, सरासरी ०.६. एकूण प्रयत्न १४. स्पायडर-मॅनचा बोनस ०.६६, बेरीज १.३६. नव्या मालिकेचा बोनस १.६२, बेरीज २.२२. म्हणजे पुढचा अंक नव्या मालिकेचा घ्या. ती जास्त चांगली आहे असं सिद्ध झालेलं नाही, तिच्याबद्दल आपल्याला अजून पुरेसं माहीत नाही, म्हणून. अंक वाढतील तसा बोनस आपोआप घटतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शोधाचा फायदा पुढे वसूल व्हायला हवा. अजून तीन वर्षं अंक घेणार असाल तर आज चार नव्या मालिका चाखणं परवडतं. दोन महिन्यांनी सगळं बंद करणार असाल तर आवडीचंच घ्या.

लेखक बदलला की सरासरी जुनी होते

यूसीबी-१ मध्ये पर्यायांचे गुण स्थिर धरलेले असतात. ली फॉक यांनी फँटम १९३६ मध्ये सुरू केला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच त्याच्या कथा लिहीत राहिले. अशा मालिकेत जुन्या अंकांवरून पुढचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. बॅटमॅन १९३९ पासून चालू आहे आणि त्याचे लेखक-चित्रकार कितीतरी वेळा बदललेत. लेखक बदलला की तुमच्याकडची सरासरी वेगळ्याच मालिकेची होते. पीटर व्हिटल यांनी १९८८ मध्ये अशा बदलत्या पर्यायांचा अभ्यास मांडला, त्याला 'रेस्टलेस बँडिट' म्हणतात.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. नोंद ठेवताना नायकाच्या नावाने ठेवू नका, लेखक-चित्रकाराच्या जोडीने ठेवा. जोडी बदलली की गणती शून्यापासून सुरू करा.

गेलेला पैसा

सगळ्यात जास्त बजेट खाते ती ही भावना: "चाळीस अंक घेतलेत, आता एक्केचाळिसावा कसा सोडायचा?" याला बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो युनिव्हर्सिटीच्या नाट्यगृहाचं हंगामी तिकीट घेणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन किमती दिल्या: १५, १३ आणि ८ डॉलर. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत भरलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्या भागात हा फरक ओसरला. पैसे तर सगळ्यांचे गेलेच होते. किती गेले, यावर पुढची संध्याकाळ ठरत होती.

इथे बारकावा आहे. चाळीस अंकांमुळे पुढची गोष्ट नीट कळणार असेल, तर ते पुढचं मोल आहे, ते जरूर धरा. प्रश्न एवढाच विचारा: मागचे चाळीस मला कुणी फुकट दिले असते, तर हा एक्केचाळिसावा मी घेतला असता का?

"पुढे किंमत येईल" म्हणूनही घेऊ नका. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात आला आणि लाखो प्रती खपल्या. लोकांनी एकाहून जास्त प्रती जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? तो फुगा फुटला, आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता तुमचं काम

एका वहीत चार रकाने आखा: लेखक-चित्रकार जोडी, महिन्याचा खर्च, वाचलेले अंक, सरासरी गुण. ८०० पैकी साधारण दीडशे-दोनशे रुपये नव्याच्या शोधासाठी वेगळे ठेवा, उरलेल्यात पिशवीचा प्रश्न सोडवा. शोधाचे पैसे एका महिन्यात पुरले नाहीत तर दोन महिन्यांचे जोडा. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मालिकेला "फुकट मिळाले असते तर" हा प्रश्न विचारा.

तीन महिने हे केलंत की वहीवरचं शीर्षक बदला. मालिकेच्या जागी संशोधनाचा विषय लिहा, खर्चाच्या जागी महिने. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, म्हणजे पिशवी ३६ ते ७२ महिन्यांची. पहिल्या काही महिन्यांत दोन-तीन विषय चाखायची मुभा स्वतःला द्या, कारण शोध वसूल व्हायला पुढे वेळ आहे. आणि दीड वर्ष घातलेला प्रयोग चालत नसेल, तर गाईडसमोर बसताना "दीड वर्ष वाया जाईल" हे वाक्य बाजूला ठेवा. ते दीड वर्ष दोन्ही निर्णयांत गेलेलंच आहे. उरलेल्या महिन्यांत कुठला रस्ता जास्त देईल, तेवढंच बोला.

वही सुरू केलीत की तुमची पहिली यादी कमेंटमध्ये टाका. पुढच्या लेखात डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा तक्ता हाताने भरून बघू, उदाहरण हेच ८०० रुपयांचं.