मण्यार आणि मिटलेल्या पापण्या

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकी दुसरी दृष्टीची, आठवी श्रवणाची. तिसरी पापणी उचलते. जुन्नर-आंबेगावात पावसाळी रात्री जमिनीवर निजलेल्यास मण्यार चावते. वेदना नाममात्र, खूणही क्वचितच दिसते. पहाटे पोट दुखते, पापण्या जडावतात, गिळणे अवघड होते. कारण हे विष मज्जातंतूचा स्नायूला जाणारा निरोप अडवते. दृष्टी-श्रवणाच्या तंतूंत तो सांधाच नसतो. म्हणून डोळे मिटलेला, निश्चल रुग्णही अनेकदा सारे ऐकत असतो. ‘गेला’ असे त्याच्यादेखत म्हणू नये! नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत यांचे सर्पदंश-उपचारातील कार्य सर्वपरिचित आहे. व्यापारी बंधूंनी गोदामाच्या राखणदारास खाट व मच्छरदाणी द्यावी, आणि शंका येताच मांत्रिक न शोधता प्रतिविष व कृत्रिम श्वसनयंत्र असलेले रुग्णालय गाठावे.