रुतलेले नख आणि आत वळलेला केस : शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

कवायतीच्या तासाला एखादा मुलगा रांगेतून हळूच बाजूस होतो. विचारले असता "काही नाही, गुरुजी" एवढेच म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो टाचेवर भार देऊन चालताना दिसतो आणि तिसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. हजेरीपत्रकात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. क्वचित आळसाचा शेराही पडतो. परंतु त्याच्या पायातील बूट काढून पाहिला, तर अंगठ्याच्या नखाची एक कड मांसात रुतलेली व भोवतालची त्वचा लाल होऊन सुजलेली आढळते. दुखणे दिसावयास लहान. पण पावलागणिक कळ येत असल्यामुळे मुलाचे चालणे, खेळणे आणि वर्गातील लक्ष ही तिन्ही त्यात जातात. हे दुखणे बहुधा टाळता येण्यासारखे असते आणि ते टाळण्यात शिक्षकाचा वाटा मोठा आहे. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

दुखण्याचे मूळ

नख आणि केस ही त्वचेपासूनच निर्माण होणारी अंगे होत. दोन्ही केराटिन नावाच्या टणक प्रथिनाची बनलेली असून दोहोंचा बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो. म्हणूनच नखे किंवा केस कापताना वेदना होत नाही. वाढ होते ती त्वचेखाली, मुळाशी. मुळातून नवा भाग तयार होत जातो व जुना भाग पुढे ढकलला जातो.

हे निर्जीव टोक मार्ग चुकून मांसात शिरले की, ते आपल्याच शरीराचे असूनही शरीराला काट्याप्रमाणे परके वाटते. त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, लाली व सूज येते, ठणका लागतो. त्वचा फाटल्यास जंतू आत शिरून पू होतो. मात्र काट्यात व नखात एक मोठा भेद आहे. काटा उपटला की काम संपते. नख मुळाशी वाढतच असते. त्यामुळे रुतलेला कोपरा कोरून काढला, तर दोन-चार दिवस बरे वाटते आणि पुढे तीच कापलेली कड अधिक तीक्ष्ण होऊन पुन्हा मांसात घुसते. ही गोष्ट ध्यानी आली म्हणजे पुढील सर्व सूचनांचे मर्म कळेल.

नख का रुतते?

पहिले व सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पायाचे नख चुकीच्या रीतीने कापणे. नखाचे कोपरे गोल व खोल कापले की, तेथील मांसावर असणारा नखाचा दाब नाहीसा होतो. ते मांस वर उचलले जाऊन वाढत्या नखाच्या वाटेत येते. कित्येकदा पाते न पोचल्यामुळे कोपऱ्यात खोलवर नखाचा एक अणकुचीदार तुकडा राहून जातो व तोच मांसात रुततो.

येथे आपण शिक्षकांनी आपल्याकडेही पाहावयास हवे. स्वच्छतेच्या तपासणीत "नखे वाढली आहेत" असे आपण सांगतो. ती कशी कापावीत हे मात्र क्वचितच सांगतो. शेरा टाळण्यासाठी मुले हाताची व पायाची नखे सारखीच खोल कापतात. काही मुले पायाची नखे बोटांनी ओढून तोडतात. तपासणीच्या दिवशी ती नखे नीटनेटकी दिसतात आणि दुखणे नंतर उद्भवते.

दुसरे कारण तोकडे पादत्राण. जिल्हा परिषदेच्या शाळांतील विद्यार्थ्यांना गणवेशाबरोबर बूट व पायमोजे देण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. ही सोय चांगली आहे; परंतु वाढत्या वयात जूनमध्ये नीट बसणारा बूट पुढे दिवाळीनंतर तोकडा होऊ शकतो. पुढून चिंचोळ्या बुटात बोटे एकमेकांवर दाबली जातात व अंगठ्याचे मांस नखावर चढते. उलट अनवाणी चालणाऱ्या मुलास ठेच लागते. ठेचेने दुखावलेले नख वाकडे वाढू शकते. सतत घामेजलेले किंवा चिखलात भिजलेले पाय मऊ पडतात व मऊ त्वचेत नख लवकर शिरते. काही कुटुंबांत नखांची ठेवणच कडेने अधिक वळलेली असते. अशा मुलांनी विशेष जपावे.

नखे कापण्याची योग्य रीत

१. स्नानानंतर नखे मऊ झालेली असताना ती भरपूर उजेडात कापावीत. तिन्हीसांजेला नखे कापू नयेत, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात; पुरेशा उजेडाच्या दृष्टीने तो सल्ला उपयोगीच आहे.

२. पायाचे नख आडवे व सरळ कापावे. बोटाच्या टोकाबरोबर पांढरी कड किंचित शिल्लक ठेवावी. दोन्ही कोपरे मांसाच्या वर, डोळ्यांना दिसतील असे असावेत.

३. कोपऱ्यात नेलकटरचे टोक, सुई किंवा पाते घालून कोरू नये. कोपरा टोचत असेल, तर तो केवळ घासून बोथट करावा.

४. हाताची नखे बोटाच्या आकाराप्रमाणे किंचित गोल कापण्यास हरकत नाही. त्यांच्यावर बुटाचा दाब येत नाही.

५. न्हाव्याची नराणी असो वा घरचे नेलकटर, एकाने वापरल्यानंतर ते साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय दुसऱ्याने वापरू नये.

हाताचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या सुमारे निम्मे. म्हणून हाताची नखे दर आठवड्यास तपासणे योग्य असले, तरी पायाची नखे दोन-तीन आठवड्यांनी पाहिली तरी पुरे. दोहोंस एकच नियम लावणे बरोबर नव्हे.

नख रुतल्यावर काय करावे?

नुसती लाली व दुखरेपणा असेल, पू नसेल, तर घरीच उपचार करता येतो. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पाऊल १० ते २० मिनिटे बुडवून ठेवावे. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. नंतर पाऊल, विशेषतः बोटांच्या बेचक्या, टिपून कोरड्या कराव्यात. नख मऊ झाल्यावर स्वच्छ कापसाची अगदी बारीक वात कोपऱ्याच्या कडेखाली अलगद सरकवावी, म्हणजे नख मांसावरून वर वाढू लागते. ही वात दररोज बदलावी. सरकवताना फार दुखत असेल, तर बळजबरी करू नये. बोट बरे होईपर्यंत बुटाऐवजी पुढून मोकळी चप्पल वापरावी. शाळेने अशा मुलास बुटाची सक्ती करू नये. कवायत व धावण्याचे खेळ यांतून त्यास सवलत द्यावी.

हे उपचार घरच्यांनी करावयाचे आहेत. शिक्षकांनी स्वतः नख कापण्याचा अथवा औषध देण्याचा प्रयत्न करू नये. पालकांस बोलावून रीत समजावून सांगावी.

काही गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. नखाच्या मध्यभागी खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, असे काही लोक मानतात. नख मुळाशी वाढते, टोकाशी नव्हे. म्हणून या खाचेचा उपयोग नाही. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात. चुन्यानेही त्वचा पोळते. शेण किंवा माती लावल्यास धनुर्वाताचे जंतू जखमेत जाण्याचे भय असते. मुलास धनुर्वाताची लस वेळेवर मिळाली आहे की नाही, हे या निमित्ताने अवश्य पाहावे. राष्ट्रीय लसीकरणात ५ ते ६ वर्षांच्या वयात, तसेच १० व १६ व्या वर्षी ही मात्रा दिली जाते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

पू येत असेल, लाली बोटावरून पावलाकडे पसरत असेल, ताप असेल, नखाच्या कडेला सहज रक्त येणारा लाल मांसाचा उंचवटा झाला असेल, चार-पाच दिवसांत उतार पडत नसेल किंवा नख वारंवार रुतत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मधुमेह असलेल्या व्यक्तीने घरगुती उपचारात एक दिवसही घालवू नये. हे मुलांच्या आजी-आजोबांनाही सांगावे. पावलावर जखम आहे पण दुखत नाही, अशी स्थिती आढळल्यास ती अधिक गंभीर समजावी. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे पावलाची संवेदना गेलेली असू शकते.

शस्त्रक्रियेच्या भीतीने पालक टाळाटाळ करतात. वस्तुतः ती लहानशी असते. बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन बोट बधिर करतात व रुतलेल्या बाजूची नखाची अरुंद पट्टी काढतात. ती पुन्हा उगवू नये म्हणून तेवढ्याच मुळाला फिनॉल नावाचे रसायन लावतात. बहुधा संपूर्ण नख काढावे लागत नाही व रोगी त्याच दिवशी घरी जातो.

आत वळलेला केस

केसाची गोष्टही अशीच. दाढी केल्यावर किंवा केस उपटल्यावर तीक्ष्ण झालेले टोक वळून त्वचेत शिरते अथवा बाहेर न पडता आतल्या आत वाढते. तेथे लहान, खाजरी, दुखरी पुळी येते. कुरळ्या केसांच्या व्यक्तींना हा त्रास अधिक होतो. प्राथमिक शाळेतील मुलांना तो क्वचितच होतो. परंतु वरच्या वर्गांतील वयात येणारी मुले व आपल्यापैकी पुष्कळ शिक्षक यांना तो परिचित आहे.

येथेही कोरणे हाच खरा अपराध. पुळी पिळू नये. कोमट पाण्याने शेकावे व काही आठवडे त्या जागी वस्तरा लावू नये. बहुतेक केस आपोआप बाहेर पडतात. दाढी करताना त्वचा कोमट पाण्याने व साबणाने मऊ करावी, धारदार पाते वापरावे, केसांच्या वाढीच्या दिशेनेच ते फिरवावे व त्वचा ताणू नये. न्हाव्याकडे प्रत्येक वेळी नवे पाते घ्यावयास सांगावे. रक्ताद्वारे पसरणारी कावीळ वापरलेल्या पात्यातून येऊ शकते. पुळी वाढून मोठे, ठणकणारे केसतोड झाल्यास किंवा माकडहाडापाशी सूज येऊन पू वाहू लागल्यास डॉक्टरांस दाखवावे. न्हाव्यांच्या हाताच्या बेचक्यांतही इतरांचे कापलेले केस शिरून असे व्रण होतात, हे त्या व्यवसायातील पालकांस सांगण्यासारखे आहे.

वर्गात करावयाचे काम

आरोग्याच्या एका तासात हा पाठ सहज होतो. फळ्यावर दोन अंगठे काढावेत. एकाचे नख गोल व खोल कापलेले, दुसऱ्याचे सरळ. पहिल्यातील नख पुढे कोठे जाईल, ते मुलांनाच रंगीत खडूने काढावयास सांगावे. नंतर प्रत्येकाने आपल्या पायाची नखे पाहावीत. बूट तोकडा झाला आहे का, हे उभे राहून अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे की नाही, यावरून तपासावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, त्या दिवसासाठी पायाची तक्रार असलेल्या मुलांची नावे आधीच टिपून ठेवावीत; मात्र पू झालेल्या मुलास पथकाची वाट पाहत ठेवू नये.

शेवटी एवढेच. मूल लंगडत असेल, तर शेरा लिहिण्यापूर्वी त्याचा बूट काढून पाहावा. पाय मळलेले म्हणून ते लाजेल. त्यास चारचौघांत न बोलावता बाजूस घ्यावे. "दुखते का रे?" या एका प्रश्नाने जे कळते, ते हजेरीपत्रकावरून कळत नाही.